देवीचे काटे

"बघा मॅडम, कसं डोळ्यांत डोळे घालून बघतंय," रेंजर किल्लेदार म्हणाले आणि त्यांनी ग्लुकोजचं बिस्किट चितळापुढं धरलं.

चितळानं बिस्किट खाल्लं, मागोमाग पुड्याचा कागद खाल्ला आणि मग माझ्या शबनम पिशवीच्या पट्ट्याला तोंड लावलं. मी पिशवी हिसकून घेतली. किल्लेदारांना हा सगळा प्रकार फार गोड वाटला. त्या मादीचं नाव त्यांनी राणी ठेवलं होतं. तिच्यामागं उभ्या असलेल्या आणखी चार-पाच जणींचीही नावं त्यांनी मला सांगितली, पण मी ती ऐकून घेतली नाहीत. सरकारी पगारावर हरणांची बारशी करणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि आजही कळत नाही.

"यांनी इथलं काय काय खाल्लं ते मोजायला मी आलेय," मी म्हणाले.

"गवत खातात हो बिचारी. गवत आणि थोडा पाला. दुसरं काय खाणार?"

गवत त्या बेटावर औषधालाही उरलं नव्हतं. माझ्या खांद्याच्या खाली एक हिरवं पान दिसत नव्हतं. झाडांचा पाला एका उंचीवर सगळीकडे सरळ रेषेत कापल्यासारखा संपत होता, न्हाव्यानं वाटी घालून केस कापावेत तसा. त्या रेषेच्या खाली उघडी माती, लेंड्या, सोललेली खोडं आणि रानमोडी. रानमोडी हरणंसुद्धा खात नाहीत. बाहेरून आलेलं ते निगरगट्ट झुडूप तेवढं मजेत होतं.

ही चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकोणतीस वर्षांची होते, वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट नुकती मिळाली होती आणि आख्ख्या सिंधुदुर्गात झाडांतलं कळणारी मी एकटीच, अशी माझी खात्री होती. सुमती ओगले हे नाव पुढंमागं कुठल्यातरी फुलाला दिलं जाईल असंही मला वाटायचं. ते कुणी दिलं नाही, हे बरंच झालं.

बेट म्हणजे मुळात एका डोंगराचा माथा. खाली गाव होतं आणि माथ्यावर गावच्या देवीची राई. त्या राईत पिढ्यान्‌पिढ्या कुणी कोयता चालवला नव्हता, वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. मग धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं काठावरच्या पुनर्वसनाच्या पत्र्यांत राहायला गेली आणि माथा तेवढा चव्वेचाळीस हेक्टरांचं बेट होऊन वर उरला. तीन वर्षांनी कुणा पुढाऱ्याच्या मनात आलं की इथं पर्यटक यायला हवेत. पर्यटकांना झाडं बघायची नसतात, म्हणून कुठल्याशा प्राणिसंग्रहालयातून चितळांच्या आठ जोड्या आणल्या. गळ्यात हार घालून, बँड लावून त्या सोडल्या. तो फोटो किल्लेदारांच्या ऑफिसात भिंतीवर होता. फोटोतल्या हरणानं गळ्यातला हार खायला सुरुवात केलेली स्पष्ट दिसत होती, पण ती खूण कुणालाच कळली नव्हती. बेटावर वाघ नाही, बिबट्या नाही, शिकारी नाही. नऊ वर्षांत सोळांची दीडशेच्या वर झाली.

हरणं उचलून दुसरीकडे न्यायची की तिथंच ठेवायची, यावर आठ दिवसांनी जिल्ह्याला समितीची बैठक होती. समिती कौल देणार होती माझ्या अहवालावर. हरणं जावीत असंच मला वाटत होतं, आणि ती जातीलच याबद्दल मला शंका नव्हती. त्या बेटावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी आंधळ्याला कळलं असतं. पण मी आंधळ्याहून जास्त शिकले होते. माझ्याकडे पद्धत होती.

पद्धत अशी. बेटाच्या नकाशावर दहा मीटरचे चौकोन आखायचे, छापील कोष्टकातून आकडे काढायचे आणि त्या आकड्यांनी जे वीस चौकोन येतील ते मोजायचे. आपल्या मनानं जागा निवडायची नाही. चौकोनातला वाळका कचरा, पडलेल्या फांद्या सगळं बाजूला करायचं, म्हणजे त्याखालचं रोप नजरेतून सुटत नाही. प्रत्येक चौकोन एकदाच मोजायचा, आकडा त्याच दिवशी तक्त्यात भरायचा, त्यावर माझी आणि रेंजरची सही घ्यायची आणि एक प्रत त्यांच्याकडे द्यायची. हे नियम मीच लिहिले होते आणि मला त्यांचा फार अभिमान होता.

मला मुख्यतः सुरंगी मोजायची होती. राईत सुरंगीची सात झाडं होती, सगळी शंभरीच्या कितीतरी पुढची आणि सगळी आतून पोकळ. मार्चचे दिवस होते. फांद्यांना चिकटून पिवळ्या-पांढऱ्या कळ्यांचे गुच्छ आले होते आणि वासानं डोकं जड व्हायचं. पण सातांच्या खाली एक तरुण झाड नव्हतं. फळं पडत, रुजत, दोन पानं काढत आणि राणीच्या पोटात जात. ही सात पडली की संपलं.

त्या कळ्या वेचायला पार्वती गुरवीण यायची. नवरा गेल्यापासून देवीची पूजा तिच्याकडे होती. साठी ओलांडलेली, काळीसावळी, कमरेत वाकलेली आणि कुणाशी फारसं न बोलणारी बाई. चार दिवसांवर देवीची जत्रा आली होती, म्हणून त्या आठवड्यात ती रोज सकाळी माझ्याच होडीतून बेटावर येत होती. पहिल्या दिवशी तिनं मला सुरंगीचा वळेसर देऊ केला. मी केसांत फुलं माळत नाही असं सांगितलं. तिनं तो टोपलीत परत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तिला ही झाडं किती जुनी असं विचारलं, तर ती म्हणाली, सासू सांगायची की तिच्या सासूच्या वेळीही एवढीच होती. मी वहीत लिहिलं, 'स्थानिकांकडून उपयुक्त माहिती नाही.' ती वही अजून माझ्याकडे आहे.

देवळाच्या मागच्या अंगाला काट्यांचा एक मोठा ढीग होता. बोरीच्या, चिल्हारीच्या वाळक्या फांद्या एकात एक गुंतवून छातीभर रचलेल्या. मी तिकडे वळले तशी पार्वती हातातली टोपली ठेवून जवळ आली.

"थंयसर जाव नकात, बाईनू. ते देवीचे काटे आसत."

देवीला काटे कशाला, मी विचारलं.

"माझ्या सपनात इली. म्हणाली, माका फुला आसत, आता काटे घाला. म्हणान जत्रेक घरटी एक काटी येता. चार वर्सा झाली."

मी हसले नाही, पण हसू दाबलेलं तिला दिसेल एवढी काळजी घेतली. धरणानं गाव बुडवलं, वर हरणं आणून राई खाऊन टाकली आणि या लोकांच्या देवीला स्वप्नात येऊन काय सुचलं, तर घरटी एक काटी. संध्याकाळी रेस्टहाउसवर बसून मी पुण्याला माझ्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. त्यात या काट्यांवर एक अख्खा परिच्छेद होता. तो फार चुरचुरीत जमला होता. प्राध्यापकांनी तो विभागात सगळ्यांना वाचून दाखवला, असं त्यांनी नंतर कळवलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत एकोणीस चौकोन झाले. सुरंगीचं रोप एक नाही. अंजनीची तीन, तीही खुरटलेली, शेंडे खाल्लेली. किल्लेदार रोज संध्याकाळी तक्त्यावर सही करताना सुस्कारे टाकत. माझ्या लेकरांना कुठं नेणार हो तुम्ही, म्हणत. मी त्यांना सांगितलं की जिथं वाघ असेल तिथं न्यायला हवं. त्यावर त्यांचे डोळे खरोखर भरून आले. असल्या माणसाच्या हातात राई दिली होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी विसावा चौकोन राहिला. कोष्टकातला आकडा नकाशावर लावला, तर तो नेमका देवळाच्या मागं आला. काट्यांच्या ढिगावर.

माझ्याबरोबर खात्याचे दोन मजूर होते. ढीग बाजूला करा म्हटल्यावर दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मी पुन्हा सांगितलं. त्यातला वयस्कर म्हणाला की देवीच्या काट्यांना ते हात लावणार नाहीत, वाटलं तर एक दिवसाची मजुरी कापून घ्या. पार्वती त्या दिवशी आली नव्हती. जत्रेच्या तयारीला काठावरच राहिली होती. मजुरांनी मला सुचवलं की उद्या तिला विचारून काय ते करा, किंवा हा चौकोन सोडून शेजारचा घ्या.

शेजारचा घ्या. जणू मी बाजारात भाजी निवडायला आले होते. मी त्यांना म्हणाले की विज्ञान देवीला विचारून चालत नाही, आणि कातडी हातमोजे घालून मी स्वतः काट्या ओढायला लागले. दोन तास लागले. हातमोज्यांतून काटे आत गेले, कोपरापर्यंत रक्त आलं आणि मला त्याचंही कौतुक वाटत होतं. मजूर लांब चिंचेखाली पाठ करून बसले होते. ही अडाणी माणसं आणि हे अडाणी खातं, यांच्यामध्ये आपण एकट्याच काहीतरी खरं काम करतोय, असं मला वाटत होतं.

शेवटच्या काट्या ओढल्या आणि मी तशीच खाली बसले. आत हिरवं होतं. सुरंगीची रोपं, गुडघ्याएवढी, काही मांडीएवढी. जाड, चकचकीत, गडद पानं आणि एकाही पानाला दात लागलेला नाही. मी मोजली. अकरा. त्यांच्यामध्ये अंजनी होती, जांभूळ होतं, कोवळा वेत होता. सगळ्या बेटावर जे कुठंच नव्हतं ते त्या एवढ्याशा जागेत दाटीवाटीनं उभं होतं. मला रडू आलं. आनंदानं आलं, हे सांगायला मला आज लाज वाटते.

ही रोपं इथंच का, हा प्रश्न मला पडला. उत्तरही मीच दिलं. देवळामागची सावली, निर्माल्याचं खत, झऱ्याची ओल. काट्यांचा ढीग मी स्वतःच्या हातांनी तासाभरापूर्वी उपसला होता, तो माझ्या शेजारी पडला होता, आणि तो मला कारणांच्या यादीत दिसला नाही. तो कचरा होता. कचरा बाजूला करायचा, असं पद्धतीत लिहिलं होतं.

दुपारी किल्लेदार आले. त्यांनी बोट लावून अकरा रोपं दोनदा मोजली आणि लहान मुलासारखी टाळी वाजवली. "म्हणजे राई येतेय की परत," ते म्हणाले. मी म्हणाले की एका चौकोनावरून काही सिद्ध होत नाही. ते म्हणाले की तुम्हीच म्हणालात ना, वीस चौकोन म्हणजे सगळं बेट. मी तसं म्हणाले होते. तक्त्यावर माझी सही झाली, त्यांची सही झाली आणि संध्याकाळच्या आत त्यांचा माणूस प्रत घेऊन जिल्ह्याला गेला. एवढ्या तत्परतेनं त्या ऑफिसातून दुसरा एखादा कागद गेला असेल असं मला वाटत नाही.

सकाळी मी पहिल्या होडीनं गेले. रोपांचे फोटो काढायचे होते.

राणी तिथंच उभी होती. तिच्याबरोबर आणखी पंधरा-वीस होती. मला बघून ती पळाली नाहीत, बिस्किट मिळेल म्हणून पुढं आली. मातीतून बोटभर उंचीचे अकरा खुंट वर आले होते. सालं सोललेली, आतला ओला पांढरा गाभा दिसत होता. जांभूळ नव्हतं, अंजनी नव्हती, वेत मुळासकट उपटून चघळून टाकला होता. मी दगड उचलून मारला. तो लागला नाही. मला नेम धरतासुद्धा येत नव्हता.

मी तशीच उभी असताना जत्रेच्या होड्या लागायला लागल्या. माणसं उतरत होती, बायका, म्हातारी, कडेवरची पोरं आणि प्रत्येक घरातल्या एकाच्या डोक्यावर किंवा खांद्यावर काट्यांची एक फांदी. फडक्यात गुंडाळून, सांभाळून आणलेली. ती रांग देवळामागं आली आणि थांबली. विस्कटलेला ढीग त्यांनी पाहिला. सगळ्यांनी वळून पार्वतीकडे पाहिलं.

पार्वती त्या खुंटांपाशी आली आणि वाकली. मग तिनं लोकांना सांगितलं की काट्या इथंच ठेवा आणि देवळात चला, आरती सुरू करा. लोक गेले. आम्ही दोघीच राहिलो.

मी बोलायला सुरुवात केली. मला कल्पना नव्हती, असं काहीतरी. तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"कल्पना नव्हती तर इचारूचा होता," ती म्हणाली. "तुका कित्याक वाटला, देवीक काटे आवडतत म्हणान?"

त्या क्षणापर्यंत ती मला तुम्ही म्हणत होती.

"तूच म्हणालीस, देवी स्वप्नात आली."

"सपन खंयचा! माका झोप तरी लागता? ह्या अकरा बियो मी लावलंय. पयल्या वर्सा लावलंय, हरणांनी खाल्ल्यानी. दुसऱ्या वर्सा खाल्ल्यानी. मगे काटे घातलंय, तर सायबाचो माणूस सांगूक इलो, हरणांका काटे लागले तर गुरवणीक आत टाकतलंव. मगे देवीक सपनात आणूचा लागला. देवीचा म्हटल्यार कोण हात लावणा नाय. चार वर्सा कोणी लावूक नाय. तो सायेब पण लावूक नाय."

"मला तरी सांगायचं. मी हरणं हलवायलाच आले होते."

"तू त्येंच्याच होडयेतसून येय होतंस."

हे काही खरं नव्हतं, ती होडी आम्हा दोघींचीच होती. तिनं पदरानं एका खुंटावरची माती पुसली. पुसून काय होणार होतं कुणास ठाऊक.

"ह्या झाडाक फूल येवक वीस वर्सा लागतत," ती म्हणाली. "तेवा मी काय असतलंय? तरी लावलंय." मग तिनं माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. "काल काय लिवलंस कागदार?"

"अकरा."

"त्या कागदावरसून हरणा रवतली काय जातली, ता ठरतला मां?"

मी हो म्हणाले.

"मगे आता परत मोज."

एवढंच. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, देवीचा शापसुद्धा घातला नाही. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ जे पहिल्यांदा म्हणाला असता ते ती म्हणाली. मी तिला समजावून सांगू लागले की तसं करता येत नाही. एक चौकोन एकदाच मोजायचा असतो, तक्त्यावर सह्या झाल्यात, प्रत जिल्ह्याला गेलीय. मन मानेल तसा आकडा बदलला तर त्याला विज्ञान म्हणत नाहीत. मी हे सगळं अगदी हळू, सोप्या शब्दांत सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. ती ऐकत होती.

खरं कारण निराळं होतं, आणि ते मला बोलतानाच ठाऊक होतं. परत मोजलं असतं, तर शेऱ्याच्या रकान्यात लिहावं लागलं असतं की काट्यांचं कुंपण होतं तोवर अकरा रोपं होती आणि ते मी काढल्यावर एका रात्रीत एकही उरलं नाही. हरणांविरुद्ध याच्याहून मोठा पुरावा कुठल्याही समितीला मिळाला नसता. पण तो प्रयोग माझा नव्हता. जो प्रयोग करायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं तो एका अंगठेबहाद्दर गुरविणीनं वाळक्या काट्यांवर चार वर्षं चालवला होता, मी तो मोडला होता आणि वर त्याच्यावर चुरचुरीत पत्र लिहिलं होतं. ते पत्र विभागात सगळे वाचणार होते. मला हसतील, या एका भीतीपुढं मला राई दिसेना.

पार्वती खाली बसली. पहिल्या खुंटावर तिनं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एक. पाना नाय." मग दुसऱ्यावर. "दोन. पाना नाय." अशी ती गुडघ्यांवर सरकत एकेक खुंट मोजत गेली. चुकली नाही, घाई केली नाही. अकराव्यावर बोट ठेवून तिनं मान वर केली.

"लिव," ती म्हणाली.

देवळात आरती चालली होती. मी पेनाला टोपण लावलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. किल्लेदारांकडे मी ज्या नजरेनं पाहत होते, राणीकडे ज्या नजरेनं पाहत होते, तीच ती नजर. मग ती उठली, गुडघे झटकले आणि देवळात गेली. मी होडीवाल्याला हाक मारली.

बैठक ठरल्या दिवशी झाली. वीस चौकोनांत अकरा, म्हणजे हेक्टरी पंचावन्न, म्हणजे चव्वेचाळीस हेक्टरांत सुरंगीची चोवीसशे वीस रोपं. हा हिशेब मीच करून दिला, तो बिनचूक होता. हरणं तिथंच राहिली. किल्लेदारांनी समितीला पेढे वाटले, मीही एक घेतला. त्याच वर्षी मला कायमची नोकरी लागली आणि पुढची तीस वर्षं मी मुलांना क्षेत्रीय अभ्यासाच्या पद्धती शिकवल्या.

सातवं झाड परवाच्या वादळात पडलं, असं कुणीतरी कळवलं. बेटावर आता एकही सुरंगी नाही. माझ्या अहवालात चोवीसशे वीस आहेत.